मधोमध कोरलेलं नाव

१४ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

चि. गिरकी हिस,

ख्रिस्तात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ऑपरेशननंतरचा पोटाचा पट्टा एकदाचा सुटला हे वाचून बरं वाटलं. वर्षभर तू त्यात आवळून होतीस. तरी जड उचलू नकोस. जावईबापूंना सांग, पाण्याची बादली पुरुषांनाही उचलता येते. माझं म्हणशील तर डोळे बरे, गुडघे वाईट आणि हात या दोहोंच्या मध्ये कुठंतरी. शेजारीण दोन्ही वेळा डबा देते. डब्याबरोबर सल्लाही असतो, तो मी तसाच परत पाठवतो.

आईचा दगड कधी बसवायचा, असं तू विचारलं आहेस. नव्या कबरीची माती बसायला वर्ष द्यावं लागतं हे मीच तुला सांगितलं होतं, आणि ते वर्ष आता दोन आठवड्यांत भरतं. दगड तयार आहे. मीच कोरला. डाव्या अर्ध्यात तिचं नाव आहे, उजवा अर्धा माझ्यासाठी कोरा. नवराबायकोच्या दगडाची हीच रीत. जो मागे राहतो त्याची बाजू रिकामी ठेवायची.

कोरताना मी अक्षरं मोजत नाही, मात्रा मोजतो. पाचवीत गुरुजी टेबलावर छडीने ताल धरून कविता पाठ करून घ्यायचे, तो ताल अजून छिन्नीत आहे. त्या पुस्तकात एक कविता होती. नदीपलीकडे एक बाई उभी असते, नवऱ्याची नाव यायची असते, आणि शेवटच्या कडव्यात ती नाव काठाला लागते. तुझे वडील आणि मी एकाच बाकावर बसून ती म्हणायचो. शेवटचं कडवं तो हटकून विसरायचा आणि मी त्याच्या कानात सांगायचो. बाहेर चिंचेखाली ऊन हलायचं. मेल्यावर काय होतं याचं उत्तर मला त्या वयातच मिळालं होतं, आणि पुढे देवळात पाळकांकडून जे ऐकलं ते मी त्या कडव्यावर नुसतं बेताबेतानं चिकटवत गेलो.

पण मी भरकटतो आहे. तुझ्या पत्रात दुसराही एक प्रश्न होता, वर्षापूर्वीचाच. तू इस्पितळात पडून होतीस, मातीला येऊ शकली नाहीस, म्हणून विचारलं होतंस: आई शेवटी काही बोलली का? मी लिहिलं, नाही, शांत गेली. तू परत विचारलं आहेस. तुझ्या आईसारखीच आहेस, एकदा ऐकून सोडत नाहीस.

ती बोलली होती.

जायच्या चार दिवस आधी पाळकसाहेब घरी आले होते. तरुण आहेत, हसरे आहेत. प्रार्थना झाली आणि उशीला टेकून तुझी आई म्हणाली, “साहेब, एक विचारू? वर गेल्यावर मला हे दोघं भेटणार. पहिले आणि हे. चहा आधी कुणाला द्यायचा?”

पाळकसाहेब इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. मग म्हणाले, “आजी, हा प्रश्न प्रभूलाही विचारला होता. सात भाऊ, एकामागून एक मेले, सगळ्यांची बायको एकच. पुनरुत्थानात ती कुणाची?”

“मग? काय सांगितलं त्यांनी?”

“तिथं लग्न करत नाहीत आणि लावूनही देत नाहीत. माणसं देवदूतांसारखी असतात.”

“म्हणजे चहाला सुट्टीच,” ती म्हणाली.

आम्ही तिघंही हसलो. मी त्यांना फाटकापर्यंत सोडून आलो. परत आलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, “ऐकलंत ना? तिथं कुणी कुणाचं नाही. मग इथं तरी मला त्यांच्याजवळ ठेवा. तुमच्याबरोबर त्रेचाळीस वर्षं झाली. त्यांच्याबरोबर सहाच. उरलेली तिथं काढते.”

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, “त्या दगडावर नाव मधोमध कोरलंत तेव्हा मी काही बोलले नाही. आता तुम्ही बोलू नका.”

बुधवार

काल इथं पेन ठेवलं. हे पुढचं तुला कुणीच सांगितलेलं नाही, कारण दोघांनाच ठाऊक होतं, आणि मला वाटत होतं की एकट्यालाच.

तुझे वडील खाणीत लादीखाली सापडून गेले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मी दगड कोरायचो त्या कारखान्याच्या अंगणात दगडांमधून गिरक्या घेत फिरायचीस, नाव तिथूनच पडलं. तुझी आई पंचविशीची. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “भावजी, त्यांचं नाव एका बाजूला घाला. दुसरी बाजू माझी.”

मी हो म्हटलं. कागदावर आखणीही तशीच केली. मग सकाळी उठून कारखान्यात गेलो, दगडाच्या बरोबर मध्यावर दोरी मारली आणि त्याचं नाव मधोमध कोरलं. मोठ्या अक्षरात. दोन्हीकडे चार बोटं जागा उरली, तिच्यात वेलबुट्टी काढली. त्या वेलबुट्टीचं गावभर कौतुक झालं. दगडावर खोडता येत नाही, गिरकी. म्हणूनच केलं.

तिला म्हणालो, कारखान्याच्या मालकाच्या आखणीत चूक झाली. तिनं वेलबुट्टीवरून बोट फिरवलं. म्हणाली, “असू दे.” दोन वर्षांनी आमचं लग्न लागलं. वर्षभर तिच्या तोंडून चुकून “भावजी” यायचं, आणि जीभ चावून ती हसायची. ते हसू आठवलं की मला अजून वाटतं, आपण सुखी होतो. होतोच. पण तिला सगळं माहीत होतं आणि तरी ती माझ्या घरी आली, यात माझा जय होता की शिक्षा, हे मला त्रेचाळीस वर्षांत विचारता आलं नाही, आणि शेवटच्या चार दिवसांत ते विचारायची लाज वाटली.

त्या दिवशी, पाळकसाहेब गेल्यावर, मी तिला त्याच्याजवळ ठेवायचा शब्द दिला. हात धरून दिला. ती गेल्यावर मंडळीचा चिटणीस आला, वही उघडली आणि विचारलं, “काका, जागा कोणती?” मी म्हणालो, भिंतीजवळची, माझी. तिथं दोघांची जागा मी मागेच घेऊन ठेवली होती. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही. तुला लिहिलं, काही बोलली नाही. तेव्हाही हात अडखळला नाही.

गेल्या महिन्यात तिचा दगड कोरून झाला, तो पुसला, आणि त्या कोऱ्या अर्ध्यासमोर बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. मग तसाच पाळकसाहेबांकडे गेलो आणि सगळं ओकलो. ते हसले नाहीत.

मी विचारलं, “तिथं लग्नच नसेल, तर ती कुठं पुरली याला काय अर्थ?”

“तुमच्या लेखी काही अर्थ नाही ना? मग शब्द पाळायला काय जड जातंय?”

मी उठून चपला शोधू लागलो. मागून ते हळू आवाजात म्हणाले, “काका, तिथं लग्न नसतं एवढंच लिहिलंय. प्रेम नसतं असं नाही.”

त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. मला तो लागला नाही. प्रेम असेल तर पलीकडे तो शेहेचाळीस वर्षांपासून उभा आहे, आणि मी जाऊन तिसरा उभा राहणार. प्रेम नसेल, तर ही भिंतीजवळची साडेसहा फूट माती एवढंच माझ्याजवळ आहे. मी कसाही मांडला तरी हिशेब त्याच्याच घरी जातो. ते पुस्तकातलं कडवं मी अजून म्हणतो, पण नाव कुणाची, हे त्यात लिहिलेलंच नाही. लहानपणी कुणी विचारलं नाही.

कबर खणणाऱ्याशी तुझ्या वडिलांच्या कबरीबद्दल बोललो. तो म्हणाला, “त्याच कबरीत वर ठेवता येतं. शेहेचाळीस वर्षांत खाली काही राहत नाही, काका.” बिडी ओढत, सहज बोलला. एकदा पुरलेलं माणूस हलवायला नवऱ्याची आणि अपत्याची, दोघांची सही लागते. अर्ज सोबत आहे. माझी सही केली आहे. अक्षर वाकडं आलंय, पण कचेरीतल्या कारकुनानं समोर बसवून घेतली आहे, चालेल.

गिरकी, तू सही करू नयेस असं मला वाटतं. हे लिहायचं नव्हतं, पण आता लपवून काय मिळवायचं? तुझ्याकडून अर्ज आलाच नाही तर मी कुणाला काही विचारणार नाही. मेल्यावर तिच्या शेजारी पडेन आणि जगाच्या दृष्टीनं सगळं ठीक होईल. तुझ्या जागी मी असतो तर कागद फाडला असता. पण तू मी नाहीस. तू त्या दोघांची मुलगी आहेस. त्या दोघांनीही दिलेला शब्द कधी मोडला नाही.

सही केलीस तर तारीख कळव. तू ये, पण माझ्या घरी उतरायची सक्ती नाही, शेजारीण तुला खोली देईल. मी कबरस्थानात असेन. कुदळ मारताना तिच्या डोक्याची बाजू कोणती हे दाखवायला कुणीतरी हवं, आणि ते फक्त मला ठाऊक आहे. तेवढं काम मला करू दे. त्यानंतर तोंड पाहायचं नसेल तर मी समजेन.

मुलांना आशीर्वाद. औषधं वेळेवर घे.

तुझ्या आईला शब्द दिलेला,
काका