जावईबापूंना वाढलेला बाकला
मंगळवार, संध्याकाळ

आत्ताच दवाखान्यातून आले.

जावईबापू परवा कोराडीहून पहिल्यांदाच मुक्कामाला आले, म्हणून वाळलेला बाकला, घेवड्यासारख्या शेंगेचे ते मोठे दाणे, भिजवून झणझणीत उसळ केली. त्यांनी दोनदा मागून घेतली. आज डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टर म्हणाले, काहींच्या रक्ताला बाकला सोसत नाही, रक्तपेशी फुटतात. मला कसं कळणार? दोनदा मागून घेतली ना!

रक्त चढवणं सुरू आहे. "वाचतील ना?" विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "सकाळपर्यंत थांबा."

निघताना लेक रडत म्हणाली, "आई, बाकला चालत नाही, हे त्यायले माहीत होतं वं. तू इतक्या हौसेनं केलं, नाही कसं म्हणू, म्हणत होते."