पेटीमागची वीतभर जागा

आसेगाव,
पोळ्यानंतरचा बुधवार, १९५६

प्रिय दौलत,

वर प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिवलं, नाही तं तोंडानं मी तुले असं कधी म्हटलं नाही. अक्षर पाहून दचकू नको, तुह्या आजीचंच आहे. दुसरीपर्यंत शाळा झाली, त्यातलं एक वर्ष शेण गोळा करण्यात गेलं. आतापर्यंत माही पत्रं तुही बायको लिहायची. रुख्मिणी चार महिने झाले कामरगावले माहेरी बसली आहे, आणि हे पत्र दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायसारखं नाही. तीन दिवस झाले, लिहूनच राह्यली. तुह्या बापाले वाटते म्हातारी रामनाम लिहिते. वाटू दे.

पहिले बातमी घे. तिचे भाऊ दसरा झाला की पंच बसवणार आहेत, काडीमोडासाठी. तुह्या बापाले तसा निरोप आला. चार महिन्यात तू तिले एक कार्ड टाकलं नाही, तं त्यायनं तरी कोणाच्या तोंडाकडं पाहावं. तुह्या बापानं निरोप ऐकला, मान हलवली आणि बैलाले पाणी पाजाले गेला. त्याच्याकडून काही होणार नाही. म्हणून मी बसली लिहाले.

माघात तू नागपूरहून ती बरफाची पेटी आणली. तुह्या कारखान्यानं मोडीत काढलेली, तू दुरुस्त केलेली. मंगरूळपासून बैलगाडीत, खाली कडब्याचा थर देऊन, नव्या नवरीसारखी. खाली घासलेटचा दिवा अन् वर बरफ. मी म्हटलं, आग लावून बरफ करतो, उद्या पाणी ओतून चूल पेटवशील. अख्खं गाव पाहाले आलं. उकंडराव पाटलानं बरफाचा खडा दाढेखाली धरला आणि दाढ ठणकली तं तीन दिवस तुह्या नावानं बोंबलत होता. तू रुख्मिणीले सगळं समजावलं. वात रोज कातरायची, जोत निळी ठेवायची, धुराडं आठ दिवसाले ब्रशनं झाडायचं, पेटी सपाट बसली का नाही ते वर पाण्याची परात ठेवून पाहायचं, आणि मागं भिंतीपासून वीतभर जागा मोकळी ठेवायची. तिनं सगळं कागदावर उतरवून घेतलं. मी तिथंच दाळ निवडत होती. मले कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तं मी ऐकलं नसतं, हेही खरं.

वैशाखात तुह्या लेकीले, आपल्या गोमीले, ताप आला. मंगरूळचा डॉक्टर म्हणाला, मुदतीचा ताप आहे, डोकं थंड ठेवा, बरफ एक घडी हटू देऊ नका. मंगरूळले बरफ अकोल्याहून यायचा आणि लग्नसराईत सकाळीच संपून जायचा. तुहा बाप दोनदा रिकामा वापस आला. राह्यली आपली पेटी. पहिले दोन दिवस दोन तबकं भरून बरफ निघाला. मग कमी पडू लागला. रुख्मिणी घडीघडी पेटीचं दार उघडे, बाहेर ऊन असं की छपराचं कवेलू हाताले भाजे. तिसऱ्या दिवशी एकच तबक. चौथ्या दिवशी तबकात पाणी आणि वर बरफाची साय, दुधावर येते तेवढी. तू सांगितलेलं उतरवलेला तो कागद हातात धरून रुख्मिणी पेटीपुढं बसली. घासलेट पाहिलं, भरलेलं. वात कातरली. धुराडं झाडलं. वर परात ठेवली, पाणी एका काठाले जरा लागलं तं पेटीच्या पायाखाली लाकडाची चिपटी सरकवली. तरी साय. मग तिनं जोत वाढवली, कारण आपल्या घरात भाकर कच्ची राह्यली की जाळ वाढवतात, तिले दुसरं काय माहीत. जोत पिवळी झाली, काजळी धरली, बरफ तेवढाही राह्यला नाही.

आता लिहून राह्यली तसं वाच, दोनदा वाचाले लावू नको. तिसऱ्या दिवशी बरफ एका तबकावर आला तव्हा मी माही गोधडी चौपदरी करून पेटीच्या मागच्या फटीत कोंबली. वरपासून खालपर्यंत, ठासून. मंगरूळच्या बाजारात बरफाची लादी तरटात आणि लाकडाच्या भुश्यात गुंडाळलेली मी जन्मभर पाहिली. उघडा ठेवला की बरफ जाते, झाकला की राहते, एवढं मले समजे. वाटलं गारवा मागून निसटून राह्यला. रुख्मिणी पोरीपाशी होती, तिनं पाहिलं नाही. मी कोणाले सांगितलंही नाही. मनात होतं, बरफ वाढला की तिले सांगीन, तुह्या नवऱ्याच्या कागदापेक्षा माही गोधडी शहाणी निघाली.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा हात मागं गेला. गोधडी बाहेर ओढली, ती तव्यावरून काढल्यासारखी गरम होती; पेटीची गरमी निघायची वाट मीच बुजवली होती. एकदा माह्याकडं पाहिलं. गोधडी उन्हात नेऊन टाकली, जोत बारीक केली, धुराडं झाडलं आणि पुन्हा पोरीपाशी जाऊन बसली. दुपार टळायच्या आत गोमी गेली. तिले मातीत ठेवून आले माणसं, आंघोळी झाल्या, दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली तं दोन्ही तबकं गच्च. मी तो बरफ अंगणात ओतला. कोंबड्या चोच मारून पळाल्या.

तू आला तिसऱ्या दिवशी. रडला नाही, सरळ पेटीपाशी गेला. धुराड्यात अजून बोट काळं होत होतं, वात जळून वाकडी झालेली. तू तिले विचारलं, जोत वाढवू नको म्हणून सांगितलं होतं का नाही. ती म्हणाली, सांगितलं होतं. दहा माणसात तू बोलला, हिच्याकडून एक वात सांभाळल्या गेली नाही. मी खांबाले टेकून बसली होती, चार हातावर. जे तोंड साऱ्या आसेगावले झोडपते ते त्या दिवशी शिवून टाकल्यासारखं बंद होतं. तिचे भाऊ तिले घेऊन गेले, तव्हाही बंदच.

तुही बायको काही लई गुणाची आहे असं मी म्हणत नाही. भाजीत मीठ विसरते, उलटं बोलत नाही पण भांडी आपटते. गेल्या सोमवारी मी मोटरनं कामरगावले गेली. तिनं चहा केला, भाऊ ओसरीतून हलले नाहीत. मी विचारलं, गोधडीचं काहून सांगितलं नाही व बाई. ती म्हणाली, त्यायची आई लहानपणीच गेली, तुमीच वाढवलं. लेक गेलीच होती, वरून त्यायची आजी कशी हिसकावून घेऊ. मग कपबशी विसळता विसळता म्हणाली, मले वाटलं होतं चार दिवसानं तुमी सांगाल.

डॉक्टर म्हणाला होता, बरफ असता तरी भरवसा नव्हता. ते मी माह्यासाठी धरत नाही, तूही धरू नको. हे पत्र माफीसाठी नाही. आसेगावले येऊ नको. मंगरूळले उतर आणि तिथूनच कामरगावची वाट धर, दसऱ्याच्या आत. भाऊ शिव्या देतील, ऐकून घे. त्यायच्या समोर हे पत्र मोठ्यानं वाच, गोधडीचं पान गाळू नको, आणि मग तिले विचार, येते का. नाही म्हणाली तं तिचा हक्क आहे, तव्हा चूप बसून राहा, उठून येऊ नको. माह्याशी बोलायचं का नाही ते पुढं पाह्य. मी काही कुठं जात नाही.

तुहीच आजी,
कस्तुरा