पुडी बंद करायची नाही

३ जून
उमापूरला जाऊन आले. कमलआत्याच्या ओसरीवर पेशंट बघायला आलेली माणसं चहा पीत भिंतीला टेकलेली. प्रत्येकाकडे उपाय. गव्हांकुर, पपईचा पाला, कुठलासा काढा. सगळ्यांचं एकच : प्रतिकारशक्ती वाढवा. जणू टाकीत पाणी कमी आहे.

आत्याची प्रतिकारशक्ती कमी नाही. मिश्रीमुळे गालात झालेली कॅन्सरची गाठ ऑपरेशननं काढली, ती मानेत परत आली. त्या गाठीच्या स्लाइड मी बीडला आमच्या लॅबमध्ये पाहिल्या आहेत. लढणाऱ्या पेशी कडेला दाटीनं उभ्या, आत एकही नाही. गाठीच्या पेशी अंगावर एक प्रथिन मिरवतात, त्याचा स्पर्श झाला की लढणारी पेशी थंड पडते. संभाजीनगरला दर तीन आठवड्यांनी जे इंजेक्शन देतात ते फक्त हा स्पर्श अडवतं. मारायचं काम आत्याच्याच पेशींचं.

आतेभाऊ दीपकला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे औषध स्वतः कायच करत न्हाई?"
विषय सोडला.

२४ जून
तिसरं इंजेक्शन झालं. आत्या कुस्करलेली भाकरी वाटी भरून खाते म्हणे. दीपक खूश. ओसरी खूश.
गाल भरलेत, लालसर. दंड मात्र काडीसारखे. मला आवडलं नाही. दुसरं काही औषध चालू आहे का, विचारलं. दीपक मोबाइलकडे बघत म्हणाला, न्हाई. रक्त घेऊन आले.

२६ जून
साखर वाढलेली. सकाळचं कॉर्टिसॉल जवळपास शून्य. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून बसलंय, म्हणजे बाहेरून मिळतंय.

दीपकला फोन. आधी न्हाई, मग आठवत न्हाई, मग कबूल. मेव्हण्याच्या ओळखीच्या वैद्याची पुडी, मे महिन्यापासून, दोन वेळा मधातून. "शुद्ध जडीबुटी हाय." डॉक्टरांना का नाही सांगितलं? तर ते इंजेक्शन बंद करतील म्हणून. दोन्ही घेतलं की डबल फायदा, हा हिशेब. बी. कॉम. आहे हा माणूस.

पुडीतल्या स्टेरॉइडनं भूक लागते, हुशारी वाटते. आणि इंजेक्शन ज्या पेशींना मोकळं करतं, त्याच झोपी जातात.

सगळ्यात वाईट पुढे. इतके आठवडे घेतल्यावर ते एकदम तोडता येत नाही. रक्तदाब कोसळेल, जीवही जाईल. डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, सोमवारी घेऊन या, तोवर चालू ठेवा. मग मला दीपकला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं, पुडी बंद करायची नाही.
तो म्हणाला, "थांब, स्पीकरवर टाकतो. परत एकदा म्हण."

२८ जून
बीडच्या लॅबवालीनं पुडी पास केली, असं उमापूरभर झालंय. दोघांनी वैद्याचा नंबर घेतला.
आई म्हणते, नीट समजावायचं होतंस. समजावलं होतं. लोक वाक्याचा सोयीचा अर्धा भाग घरी नेतात, उरलेला आपल्याकडे ठेवून जातात.

३० जून
डॉक्टरांनी पुडी पाहिली, बाजूला ठेवली, रागावले नाहीत. पुडीऐवजी स्टेरॉइडच्या मोजून गोळ्या दिल्या, हळूहळू कमी करायच्या. दीपक हात बांधून "जी साहेब, जी साहेब". माझ्यापुढे फुटणारं तोंड तिथं शिवलेलं.

२० जुलै
गोळ्या उतरत्या. आत्याचे गाल उतरले. जेवण नको म्हणते, दुपारभर पडून.
दीपक : "पुडीवर आई खात तरी व्हती." हे खरं आहे, म्हणून जास्त चीड आली.

आत्यानं त्याला बाहेर पाठवलं. म्हणाली, "तुझं बरोबरच असंल. पर त्या पुडीनं भाकरीला चव आलती गं. तुझ्या पेशींनी मला काय दिलं आजवर?"
वेळ, असं उत्तर होतं. दिलं नाही. तेही अजून सिद्ध झालेलं नाही.

९ ऑगस्ट
मानेतली गाठ मोठी झाली. नजरेला दिसते.
लढणाऱ्या पेशी आत घुसल्या तरी गाठ सुजते. गाठ वाढली तरी सुजते. पहिलं क्वचित घडतं, दुसरं नेहमीचं. आत्याला मी आधी पहिलं सांगितलं, आणि क्वचित हा शब्द गाळला. ओसरीवरच्या लोकांसारखं.

दीपकनं यावेळी टोमणा मारला नाही. नुसतं विचारलं, "स्कॅन मंगळवारीच हाय ना?"

निघताना आत्यानं माझं बोट धरून गाठीवर ठेवलं. गरम, टणक.
"तूच बघ. आत कोन हाय? आपली का त्यांची?"
बोटाला ते कळत नाही. तरी मी बोट लगेच काढलं नाही.