तीन पट्ट्यांची खार

२ नोव्हेंबर
आमच्या मराठी मंडळाच्या कॅलेंडरवर यंदाही शेजारच्या भालचंद्रचाच फोटो येणार, असं कुमुद चहा गाळता गाळता म्हणाली. स्वतःच्या नवऱ्यासमोर. गेल्या वर्षी त्याने टिपलेला धनेश पक्षी मुखपृष्ठावर आला, तेव्हापासून हा माणूस लिफ्टमध्येसुद्धा मान वर करून उभा असतो. यंदाचा विषय ‘आपले शेजारी प्राणी’. मी खार काढणार. मुखपृष्ठ माझं.

३ नोव्हेंबर
धुकं की प्रदूषण, कळेना. उद्यापासून.

६ नोव्हेंबर
दिल्लीतल्या आमच्या द्वारकेत खारींना तोटा नाही. सोसायटीच्या पार्कात ढीगभर. फोटोत मात्र नुसत्या शेपट्या. कॅमेऱ्याचा दोष. भालचंद्रसारखी दुधीभोपळ्याएवढी लेन्स असली तर कुणीही काढेल. पण त्याच्याकडे मागणार नाही. बिल्कुल नाही.

९ नोव्हेंबर
मागितली. त्याने लगेच दिली, वर चहा पाजला. असल्या चांगुलपणाची मला मनस्वी चीड आहे.
शिवाय शिकवलं. म्हणे दिल्लीतल्या खारीला पाच पट्टे, तीनवाली दक्षिणेकडची. रामाने पाठीवरून तीनच बोटं फिरवली हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, असं मी सुनावलं. तो हसला.

१५ नोव्हेंबर
कँटोन्मेंटच्या बाजारातून चट्ट्यापट्ट्यांचं लष्करी जॅकेट आणलं. खारीला मी दिसताच कामा नये. घरात घालू नका, कामवाली दचकते, असं कुमुद म्हणाली.

१६ नोव्हेंबर, सकाळी ८
सापडली. बाल्कनीतून खाली कठड्यावर दिसली. फोटोत मोजले, तीन पट्टे. दिल्लीत तीन पट्ट्यांची खार म्हणजे शोधच की!
भालचंद्रला दाखवला. कडेचे दोन पट्टे फिकट असतात, वरून दिसत नाहीत, जमिनीवर झोपून बाजूने काढा, म्हणाला. जळतो. जळकी माणसं मला लगेच ओळखू येतात.

२३ नोव्हेंबर
झोपलो. गवतात पालथा, तासभर. समोर शेंगदाणे पसरले, उरलेले जॅकेटच्या टोपीत. एकही खार समोर आली नाही. पाठीवर काहीतरी वळवळत होतं, पाला असेल. खरा फोटोग्राफर हलत नाही.
भालचंद्र मागे बराच वेळ उभा होता. शिकत असावा. टोपीतले शेंगदाणे कुठेतरी सांडले.

३० नोव्हेंबर
बाल्कनीतलाच फोटो पाठवला. शीर्षक: ‘दिल्लीतली पहिली तीन पट्ट्यांची खार’. मंडळाच्या चंद्रप्रभाताई म्हणाल्या, वेगळाच आहे. अच्छा! प्रकाशन समारंभासाठी भाषण लिहायला घेतलं. भालचंद्रचाही उल्लेख करीन, शेवटी.

२८ डिसेंबर
कॅलेंडर आलं. मुखपृष्ठावर खार आहे. लष्करी जॅकेटवर बसून शेंगदाणा खाते आहे. जॅकेटमध्ये मी. छायाचित्र: भालचंद्र. लेन्स माझ्याकडे अडकली होती म्हणून त्याने मोबाईलवर काढलं. भाषणात त्याने माझे आभार मानले. सुरुवातीलाच.
कुमुदने कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलं. छान आलात, म्हणाली. चेहरा दिसत नाही म्हणून असेल.
ती भाजी आणायला गेल्यावर भिंग घेऊन खारीचे पट्टे मोजले. पाच आहेत.