वाघोबाच्या वळणावर नुकसानमाफी

तीर्थस्वरूप आबाजीमामा यांच्या चरणी भाचा प्रवीणचा दंडवत. पळसदरीत आम्ही सगळे खुशाल आहोत. मामींची कंबर कशी आहे? आणि तुमचा डावा खांदा? (सहज विचारतोय. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मात्र गाडी काढू नका.) फोनच करणार होतो, पण तुम्ही बोलत असताना तुमच्या मागे आणखी कुणी खाकरलं असतं तर ते मला ऐकायचं नव्हतं.

हर्षलाच्या भावाचा साखरपुडा मुरबाडला होता. माहेरच्या माणसांपुढे जीपमधून चेंगरून उतरायचं नाही, असं तिने ठरवलं, आणि तिने ठरवलं की आमच्या घरात ठरतंच. म्हणून चौकच्या विकासकडून दोन दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली. तो म्हणाला, भाड्यावर थोडे जास्त दिलेत तर नुकसानमाफी मिळते, सक्ती नाही. गाडीचा विमा असताना हे आणखी काय, असं मी विचारलं. तर विम्यातून जो खर्च सुटत नाही तो भाड्याने घेणाऱ्याने भरायचा असतो, आणि माफी घेतली की तो भरावा लागत नाही. (टायर, काचा आणि टप सोडून. आणि चालवणारा मीच हवा.) "येवडं पाळा," विकास म्हणाला, "मग ओरखडा पडो नायतर पोचा, तुमाला कोन विचारनार नाय." मामा, आपल्याला कुणी विचारणार नाही, ही सोय पैसे देऊन मिळत असेल तर कोण सोडेल? घेतली.

आता रीत तुम्हीच शिकवलीत. परकी गाडी वाघोबाच्या वळणावरून पहिल्यांदा न्यायची तर उतरायचं, नारळ फोडायचा, 'सांभाळ' म्हणायचं. नारळ आणलाही होता. पण मनात आलं, एकाच नुकसानीसाठी दोन ठिकाणी कशाला द्यायचं? विकासकडून गाडी घरी आणत होतो, भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी काच खाली केली आणि शेंदूर फासलेल्या दगडाला बसल्या जागेवरून सांगितलं की आमची माफी झालीय, आता काही झालं तरी जबाबदारी माझी नाही.

मागच्या सीटवरून आवाज आला, "मंग कोनाची रं?"

गाडीत मी एकटा होतो. आवाज म्हाताऱ्याचा, अगदी आपुलकीचा, म्हणून तर अंगावर काटा आला. आरशात बघायची छाती झाली नाही. कुणी जड अंगाचं सरकून बसावं तशी सीट करकरली आणि ओल्या जनावराचा वास सुटला. मी घाबरून काहीतरी बोललो (ते पुढे सांगतो), तसं मागचं दार आपोआप उघडलं आणि हळूच लागलं. घरी येऊन पाहतो तर डाव्या दारावर चार ओरखडे, तेही आतून. साखरपुड्यात सासऱ्यांनी त्यावरून बोटं फिरवली आणि ते दुसऱ्या गाडीने गेले. पण परत देताना मी ऐटीत दार उघडून दाखवलं, तर विकास म्हणतो, "कुटं काय हाय?" दार गुळगुळीत. माफीचे पैसे फुकट गेले, याचंच आधी वाईट वाटलं. मग वाटलं, ओरखडे गेले ते गेले कुठे? हर्षलाकडून सगळं अंग तपासून घेतलं. माझ्या अंगावर काही नाही. माफीने नुकसान जात नाही, फक्त दुसऱ्याच्या नावावर लागतं, एवढं मला उशिरा समजलं.

मामींना नमस्कार, सुरभीला आशीर्वाद.

तुमचाच,
प्रवीण

ता. क. पोशाच्या जीपमधून नारळ पाठवतोय, तोच आहे. वळणावर तुम्ही स्वतः येऊन फोडा. मी सोबत येतो. माझ्या हातून फोडून आता उपयोग नाही.

ता. क. दुसरा. लहानपणी मी कुणाचं काही फोडलं आणि कुणी दरडावलं, की 'मामा भरेल' म्हणायचो, आणि तुम्ही भरायचात. भ्यालेल्या माणसाच्या तोंडी सवयीचंच येतं. रागावू नका, तुमच्याशिवाय मला आहे कोण? दार लावताना तो एवढंच म्हणाला, "कशेळ्याचा आबाजी ना? वळखतो मी त्याला."