परत आलेली वाटी

पळसदेव,
१० मे १९९६

चि. करुणास,
सप्रेम जयभीम. इकडं आई सोडून सगळे खुशाल.

मासे सोडलेस तेव्हा मी हसलो. धरणाकाठच्या पोरीला मासा नको, म्हणून तुझ्या वाट्याचाही मीच खाल्ला. पण तू दूधही सोडलंस हे बुद्धपौर्णिमेच्या पंगतीत कळावं? आईनं रांधलेली खीर तू सगळ्यांदेखत परत केलीस. त्याच पंगतीत पाटलांच्या आळीतली सरुबाई बसली होती. आयुष्यभर आईच्या ओंजळीत लांबूनच पाणी ओतणारी ती बाई यंदा पहिल्यांदा विहारात आली आणि तिनं आईच्या हातची खीर दोनदा मागून घेतली. आईचे डोळे आधी तिच्यामुळं भरले, मग तुझ्यामुळं.

आधी आपलं दूध गावात कुणी घेत नसे. डेअरी आली तेव्हा आपलं दूध आणि पाटलांचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं जायचं. आई रोज तेवढं बघायला थांबायची. ते दूध तुला आता चालत नाही. आई विचारते की गावानं न्हाय घेतलं ते कळतंय, पर लेकीनं का घ्यायचं न्हाय? याचं उत्तर तूच लिही.

कळावे. राग ओसरला की लोभ सापडेल.
धम्मदीप


बारामती,
१७ मे १९९६

ती. दादास,
सविनय जयभीम. पत्र वाचून दिवसभर शाळेच्या सुट्टीतल्या कामात लक्ष लागलं नाही.

जानेवारीत मी घरी होते तेव्हा आपली जर्सी गाय व्याली. गोऱ्हा झाला. जर्सीचा गोऱ्हा औताला चालत नाही, म्हणून त्याला दूध पाजलं नाही. आई धार काढेपर्यंत त्याचं दावं मीच ओढून धरत होते. सहाव्या दिवशी तो मेला आणि त्याच सकाळी मी दुधाचा चहा प्यायले. तेव्हापासून दूध घशाखाली उतरत नाही. मुलांना पंचशील शिकवताना पहिल्याच, जीवहिंसा न करण्याच्या शीलाला मी अडखळते.

आईला दोष देत नाही. त्याच दुधावर माझं डी.एड. झालं. पण अन्न सोडणं आपल्या घरात नवं नाही. आजोबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडलं तेव्हा भाऊबंदच त्यांना हसले होते ना?

एक मात्र कबूल करते. वाटी परत करताना मला थोडा अभिमान वाटला होता. तो वाटायला नको होता. आईला आधी घरात सांगायला हवं होतं.

आपल्या गावचा मानसिंग इथं बाजाराला आलाय, त्याच्याबरोबर शेंगदाण्याचे लाडू पाठवते. तूप नाही, मी स्वतः वळलेत. आईनं एक जरी खाल्ला तरी तिनं माफ केलं असं समजेन.

वहिनींना जयभीम. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
करुणा


पळसदेव,
२ जून १९९६

चि. करुणास,
सप्रेम जयभीम. तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं.

गोऱ्ह्याचं ऐकून ती म्हणाली की तुझ्या शिक्षणाच्या वर्षांत असे चार गोऱ्हे गेले, ते चारही तिला अजून दिसतात. तुला दिसू नयेत म्हणून ती तुला लवकर शाळेत पिटाळायची. पौर्णिमेपासून तीही कोराच चहा पिते. तुझं पटलं म्हणून नव्हे, दूध बघितलं की तिला ती वाटी आठवते.

आजोबांचं म्हणशील तर त्यांनी सोडलं ते गावानं फेकलेलं होतं. तू सोडलंस ते आईनं दिलेलं. तुझं चुकलं असं मला म्हणता येत नाही, बरोबर आहे असंही नाही.

लाडवांचा डबा मानसिंगबरोबरच परत येतोय. आईनं झाकण उघडलं नाही. म्हणाली की हातचं परत आलं की कसं वाटतं ते तिलाबी कळू दे. मी एक लाडू काढून घेणार होतो, पण डब्यावरच्या फडक्याची गाठ तिनं स्वतः मारली.

कळावे. आमचा लोभ या पत्रातून पाठवतो. तेवढा तरी परत करू नकोस.
धम्मदीप