भिंतीवरची बाई

आप्पा, काल दुपारी सावेडीतल्या घराच्या गॅलरीत पेपर वाचता वाचता माझा डोळा लागला आणि मी थेट तिसगावच्या बाजारात, तुमच्या शिडीखाली जाऊन उभी राहिले. हातात हिरव्या रंगाचा डबा, नाकात टर्पेंटाइनचा वास आणि वर तुमची पोटरी, तिच्यावर निळा शिंतोडा. जागी झाले तरी वास गेला नव्हता. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, वास आहे तिथंच आहे.

पाकिस्तानच्या लढाईचे दिवस. नगरहून सरकारी माणूस छापील चित्र घेऊन येतो आणि सांगतो, हे गोदामाच्या भिंतीवर काढा, रस्त्यावरून दिसलं पाहिजे. डोक्यावर पदर घेतलेली बाई हातातल्या पाटल्या काढून जवानापुढे धरते आहे, खाली मोठी अक्षरं: सोने द्या, रोखे घ्या. सोनं सरकारला द्यायचं, बदल्यात रोख्याचा कागद घ्यायचा, पंधरा वर्षांनी सोनं परत. एरवी तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवायचात. माणसाचं तोंड काढायला मिळालं म्हणून दोन दिवस धड जेवला नाहीत. छापील बाई तुम्हाला पसंत पडली नाही. "ही शहरातली वाटती," म्हणालात आणि आईला चुलीपुढनं उठवून उंबऱ्यात बसवलंत. ती लाजून पदर पुढे ओढायची. "आगं, तोंड तर दिसू दे," तुम्ही म्हणायचात. मी तुम्हा दोघांना इतकं हसताना एरवी पाहिलं नाही.

चित्र झालं आणि म्हाताऱ्या बाया भिंतीपुढे थबकल्या. छापील चित्रात होता तसा बाईचा हात तुम्ही मोकळाच ठेवला होता. "आवो पेंटर, सवाष्णीचा हात मोकळा? ज्यांचे मालक लढाईवर गेल्यात त्यांनी काय बघायचं?" एकीनं विचारलं. तुमचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही शिडी चढलात, मी डबा धरला आणि तुम्ही त्या मनगटात हिरव्या बांगड्या भरल्यात. मग बायांचं समाधान झालं.

पुढच्या बाजारच्या दिवशी आई वांगी निवडत होती. भाजीवालीनं भिंतीकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे. "भित्तीवर तर पाटल्या देऊन बसलाय, आन् हातात कशा आजून?" बाया हसल्या, आईही हसली. घरी येऊन तिनं साबण लावून पाटल्या उतरवल्या आणि तालुक्याला जाऊन देऊन आली. त्यानंतर भाकरी थापताना तिच्या हातात नुसती काच वाजायची. तुम्ही घास हातात धरून ऐकत राहायचात. "इतकं हुबेहूब काढाय नको हुतं. माझ्याच हातानं तिचा हात रिकामा केला," एवढं एकदा बोललात, आणि पुन्हा कुणाचं तोंड काढलं नाहीत. अक्षरं, फार तर बैल. मला तुमचा भारी राग यायचा, कारण मला माझं चित्र हवं होतं. दर दिवाळीला मागायचे आणि दर दिवाळीला तुम्ही ब्रश धुवायला उठायचात.

रोख्याचं सोनं आलं तेव्हा आईनं त्याच्या पाटल्या करून लग्नात माझ्या हातात घातल्या. आत्ता लिहितानाही त्या कागदाला लागतायत.

आप्पा, भाजीवालीला मी सांगितलं होतं. त्या सकाळी बाजारभर हिंडून दिसेल त्याला सांगत होते, ती भित्तीवरची माझी आई हाय. आठ वर्षांची होते, छाती फुगली होती. हे तुमच्या हयातीत सांगायला कितीदा तुमच्यापुढे येऊन बसले. पण तेवढं सांगून भागलं नसतं. मी का सांगत हिंडत होते, तेही तुम्ही विचारलं असतंत. म्हणून तेव्हा तोंड मिटलं, आणि आज हा कागदही घडी घालून कपड्यांखाली ठेवते.

सांगितल्याशिवाय कुणी ओळखतच नव्हतं, आप्पा. ती बाई आईसारखी जराही दिसत नव्हती. नाक तर थेट तुमचं होतं.